अपडेटनंतर विंडोज सुरूच होत नाही: फॉरमॅट मारण्याआधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रात्री विंडोज ११नं अपडेट मागितलं, तुम्ही 'अपडेट अँड शट डाउन' दाबून झोपलात. सकाळी बटण दाबलं तर लोगो येतो, खाली ठिपके गोल फिरतात, मग निळा पडदा, त्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस', आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. स्टार्टअप रिपेअर दोनदा चालवलंत, दोन्ही वेळा 'दुरुस्त करता आलं नाही'. व्हिडिओ बघून बूटरेकच्या (विंडोजच्या सुरुवातीची दुरुस्ती करणाऱ्या साधनाच्या) आज्ञा दिल्यात, त्यातल्या एकीनं 'ॲक्सेस इज डिनाइड' म्हणून हात झटकले. बायोस (विंडोजच्या आधी जागा होणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम) डिफॉल्टवर नेऊन पाहिलंत, फरक नाही. आता मित्र म्हणतोय फॉरमॅट मार. आत तीन वर्षांचे फोटो आणि कामाच्या फायली आहेत, बॅकअप नाही.

फॉरमॅट मारू नका. निदान आज तरी नाही.

हा संदेश वाचून पोटात गोळा येतो, पण डिस्क मेली असं तो म्हणत नाही. विंडोजला डिस्कपर्यंत पोचता येत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा बहुतेक मशीनांत फायली जागच्या जागी सापडल्या. ज्यांत नव्हत्या, त्यांतल्या बऱ्याच जणांत त्या दुरुस्तीच्या घाईत गेल्या होत्या. नेमकं कारण इथे बसून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचता न येणारी) आहे का, बायोसमध्ये स्टोरेजचा मोड (डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलायचं ते सेटिंग) कोणता आहे, डिस्कची तब्येत कशी आहे, यावर उत्तर बदलतं. कुठल्या क्रमानं बघायचं आणि तोच क्रम का, हे मात्र सांगता येतं.

पहिलं काम, मशीन सारखं सारखं चालू-बंद करणं थांबवा. अर्धवट लागलेल्या अपडेटला प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात काहीतरी लिहायचं असतं, आणि डिस्क कमकुवत असेल तर प्रत्येक फेरी तिला महागात पडते. (तुमच्या बाबतीत हे लागू नाही, पण कुणाचा पडदा 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' यावर टक्केवारी अडकून थांबला असेल तर तो वेगळा प्रकार. तिथे चार्जर लावून दोन-तीन तास निवांत वाट बघायची. तीस टक्क्यांवर तासभर अडकलेलं अपडेट नंतर सुखरूप पार पडलेलं मी पाहिलंय, आणि चाळीसाव्या मिनिटाला बटण दाबून धरल्यानं मोडलेलंही.)

दुसरं, फायली बाहेर काढा. लोक हे शेवटी करतात. मी ते सगळ्यात आधी करतो, कारण एकदा फायली हातात आल्या की उरलेली दुरुस्ती निर्धास्तपणे करता येते. आपण घाबरलेलो असलो की चुकीच्या जागी 'येस' दाबतो.

इथे पहिला अडथळा बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीचा. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, मालकाला पत्ताही नसतो. रिकव्हरीत (विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यावर) शिरताना ४८ अंकी किल्ली मागितली, तर समजा की तुमची डिस्क एन्क्रिप्टेड आहे. फोनवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरा, डिव्हाइसच्या यादीत रिकव्हरी की मिळेल. खात्यात एकापेक्षा जास्त किल्ल्या असतील तर पडद्यावर दिसणाऱ्या की-आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून बघा. लॅपटॉप कामाच्या ठिकाणचा असेल तर किल्ली तिथल्या आयटी विभागाकडे असते. ती मिळाली की आधी कागदावर उतरवून घ्या. किल्ली कुठेच नसेल आणि डिस्क एन्क्रिप्टेड असेल, तर त्या फायली कुणीही काढून देऊ शकत नाही. 'मी काढून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आता रिकव्हरी. विंडोज लागोपाठ दोनदा सुरू व्हायला चुकलं की पुढच्या वेळी ते स्वतःच रिकव्हरीच्या पडद्यावर येतं. तुम्ही स्टार्टअप रिपेअर चालवलंय म्हणजे तिथपर्यंत पोचलेले आहातच. ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. काळ्या खिडकीत 'नोटपॅड' हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. साधं नोटपॅड उघडेल. त्यात फाइल मेन्यूतून 'ओपन' घ्या, खाली 'ऑल फाइल्स' निवडा, आणि डावीकडे 'धिस पीसी'वर जा. ही ओपनची खिडकी म्हणजे छोटा एक्स्प्लोररच. फोल्डरवर उजवं क्लिक करून कॉपी करा, बाहेरची यूएसबी डिस्क उघडून पेस्ट करा. एक सांगून ठेवतो: कॉपी चालू असताना प्रगतीची पट्टी दिसत नाही. खिडकी गोठल्यासारखी वाटते, काही दाबलं तरी हालत नाही. ती गोठलेली नसते, कॉपी करत असते. यूएसबी डिस्कचा दिवा लुकलुकतोय का ते बघा आणि एका वेळी एकच फोल्डर घ्या.

हे करताना सी ड्राइव्ह दिसला की नाही, हेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं निदान आहे. पण त्याआधी मशीन सुरू होताना काय घडतं ते थोडं समजून घेऊ, म्हणजे पुढचं नुसतं पाठांतर होणार नाही.

बटण दाबल्यावर आधी बायोस (आजकाल यूईएफआय म्हणतात, पण तोंडात बायोसच बसलंय) जागं होतं. ते डिस्कवरच्या एका छोट्या विभागात जातं, तिथून विंडोजचा बूट मॅनेजर उचलतं. बूट मॅनेजर बीसीडी नावाची यादी वाचतो, कुठलं विंडोज कुठे आहे ते बघतो, आणि लोडरला पुढे करतो. लोडर विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नेल, आणि सुरुवातीलाच लागणारे ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम) मेमरीत आणून ठेवतो. तिथून पुढे सूत्रं कर्नेलच्या हातात.

मशीन कुठल्या टप्प्यावर पडतं, त्यावर सगळं ठरतं. लोगोही येत नसेल तर विंडोजचा काही संबंध नाही. लोगोनंतर 'बूट करण्याजोगं काही सापडलं नाही' असं आलं तर बायोसची नोंद किंवा डिस्क. 'रिकव्हरी, युवर पीसी नीड्स टू बी रिपेअर्ड' असा मजकूर आणि शून्यांनी भरलेला लांबलचक कोड आला तर बहुधा बीसीडीची यादी बिघडलीय. लॉगिन होऊन मग काळा पडदा आणि नुसता बाण दिसला तर डिस्प्लेचा ड्रायव्हर किंवा एक्स्प्लोरर. आणि स्टॉप कोड असलेला निळा पडदा (२०२५पासून नव्या आवृत्त्यांत तो काळा केलाय) दाखवायचं काम कर्नेलचं असतं. म्हणजे तुमच्याकडे बायोसनं, बूट मॅनेजरनं आणि लोडरनं आपापलं काम चोख केलं. कर्नेल उठला आणि मग पडला.

आता बूटरेकच्या आज्ञांकडे बघा. त्या सगळ्या आधीच्या टप्प्यांच्या. फिक्स-एमबीआर तर जुन्या पद्धतीच्या डिस्कसाठी आहे, तुमच्या यूईएफआय लॅपटॉपवर तिचा काहीच उपयोग नाही. फिक्स-बूटनं 'ॲक्सेस इज डिनाइड' म्हणणं या मशीनांवर नेहमीचंच, त्यातून काही नवं बिघडलंय असं समजू नका. पण मुळात आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला अशातली ती गत होती. जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त करत बसलात. व्हिडिओवाल्यांचा राग येतो तो यासाठीच: तुमचं मशीन कुठे पडलं हे न विचारता सगळ्यांना एकच काढा पाजतात.

मग कर्नेल पडला कशानं? गंमत अशी की ज्या डिस्कवरून तो स्वतः मेमरीत आला, तीच डिस्क त्याला दिसत नाही. लोडर डिस्क वाचतो ती बायोसच्या मदतीनं. कर्नेलला सूत्रं मिळाली की तो बायोसचा हात सोडतो आणि स्वतःच्या स्टोरेज ड्रायव्हरवर उभा राहतो. तो ड्रायव्हर नसेल, मोडलेला असेल, किंवा समोरचा कंट्रोलर (डिस्कला मशीनशी जोडणारी चिप) त्याच्या ओळखीचा नसेल, तर सी ड्राइव्ह हरवतो. याच क्षणी तुमचा संदेश येतो.

म्हणून रिकव्हरीत सी ड्राइव्ह दिसला का, हा प्रश्न मी आधी विचारला. रिकव्हरी हे मेमरीत चालणारं वेगळं छोटं विंडोज आहे, त्याचे ड्रायव्हर त्याचे स्वतःचे. त्याच्यापुढे तीन शक्यता असतात.

रिकव्हरीत दिसत नाही आणि बायोसच्या पडद्यावरही डिस्कचं नाव नाही: मग डिस्क किंवा तिची जोडणी. एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) काढता येण्याजोगी असेल तर एकदा काढून नीट बसवून बघा.

बायोसमध्ये नाव आहे, रिकव्हरीत मात्र नाही: इथे स्टोरेजच्या मोडवर संशय घ्या. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत बायोसमध्ये एक सेटिंग असतं, कुठे 'सॅटा मोड', कुठे 'स्टोरेज', कुठे 'व्हीएमडी कंट्रोलर'. त्यात एएचसीआय (डिस्कशी बोलायची सर्वसाधारण पद्धत) किंवा रेड/आरएसटी (इंटेलची स्वतःची) असे पर्याय दिसतात. विंडोज ज्या मोडमध्ये बसवलं त्याच मोडमध्ये ते सुखानं उठतं.

रिकव्हरीत सी दिसतो, विंडोज आणि यूजर्स हे फोल्डरही आहेत: मग डिस्क बहुधा ठीक, आणि दोष आत बसवलेल्या विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये किंवा अर्धवट अपडेटमध्ये. पण इथे एक खोच आहे. एएचसीआयचा ड्रायव्हर रिकव्हरीत आधीपासून असतो. त्यामुळे आरएसटीत बसवलेलं मशीन चुकून एएचसीआयवर गेलं तरी रिकव्हरीला सी दिसतो आणि खऱ्या विंडोजला नाही. सी दिसला म्हणून मोड बरोबर आहे असं गृहीत धरू नका.

या मोडच्या बाबतीत मी एकदा चांगलाच तोंडावर पडलोय. एक लॅपटॉप आला होता, अगदी तुमचंच दुखणं. रिकव्हरीतल्या काळ्या खिडकीत एक्स ड्राइव्ह सोडून काही दिसेना. (एक्स हा रिकव्हरीचा स्वतःचा ड्राइव्ह, तो तुमच्या डिस्कचा नाही.) विंडोजचा इन्स्टॉल यूएसबी लावला, तोही म्हणाला ड्राइव्हच सापडत नाही. मी मालकाला फोन करून सांगितलं, डिस्क गेली, फायलींची आशा सोडा. दुसऱ्या दिवशी सहज बायोस उघडलं तर पहिल्याच पडद्यावर एसएसडीचं नाव आणि क्षमता छानपैकी छापलेली. मेलेली डिस्क सहसा नाव सांगत नाही. बाजूलाच बायोसच्या आवृत्तीची तारीख होती, जेमतेम महिन्याभराची ताजी. विंडोजच्या अपडेटबरोबर बायोसचंही अपडेट आलं होतं आणि त्यानं सगळी सेटिंगं मूळपदावर नेली होती. मूळ सेटिंग आरएसटी, आणि त्या मशीनवर विंडोज कुणीतरी पूर्वी एएचसीआयमध्ये बसवलेलं. मोड बदलला, सेव्ह केलं, विंडोज उठलं. सगळा प्रकार एका मिनिटाचा. मालकाला दुसरा फोन करणं जड गेलं.

तुमच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं, कारण तुम्ही स्वतः बायोस डिफॉल्टवर नेलंय. म्हणजे सकाळचा मूळ दोष एक असेल आणि त्यावर मोड बदलल्याचा दुसरा चढला असेल, अशीही शक्यता आहे. तेव्हा आधी बायोसमध्ये जा, सध्याच्या सेटिंगांचे फोनवर फोटो काढा, मग फक्त तो एक मोड बदलून बघा. काही फरक पडला नाही तर परत पूर्ववत करा. एका वेळी एकच गोष्ट. दोन गोष्टी बदलल्या आणि मशीन उठलं, तर कशानं उठलं ते कळत नाही. आणि बिटलॉकर असेल तर बायोस बदलल्यावर ते किल्ली मागू शकतं, म्हणून ती आधी हाताशी हवी. सिक्युअर बूट आणि टीपीएम या बायोसमधल्या सुरक्षेच्या सेटिंगांना हात लावू नका, त्यांचा या संदेशाशी संबंध नाही.

मोडमध्ये काही सापडलं नाही, की मग अपडेटकडे वळा. इथे माझा नियम साधा: जे उलटवता येतं ते आधी.

ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून स्टार्टअप सेटिंग्जला जा, रीस्टार्ट करा आणि ४ दाबून सेफ मोड (फक्त गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन उठणारं विंडोज) घेऊन बघा. सेफ मोडमध्ये उठलं तर अर्धी लढाई जिंकलीत. कधीकधी एकदा सेफ मोडमध्ये जाऊन आल्यावर स्टोरेजचा ड्रायव्हर जागेवर येतो आणि पुढचा स्टार्ट नेहमीसारखा होतो.

नाही उठलं तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. तिथे दोन पर्याय येतात. 'क्वालिटी अपडेट' म्हणजे दर महिन्याचं, 'फीचर अपडेट' म्हणजे विंडोजची अख्खी नवी आवृत्ती. तुमचं रात्रीचं अपडेट पहिल्या प्रकारचं असण्याची शक्यता जास्त, ते आधी काढा. दुसरं काढायची मुभा साधारण दहा दिवसच असते, नंतर जुन्या आवृत्तीच्या फायली विंडोज स्वतःच पुसून टाकतं.

हे काढतानाही 'काम अपुरं आहे, काढता येत नाही' अशा अर्थाचं काही आलं, तर नेमका धागा हाती लागला समजा. 'अपडेट अँड शट डाउन' म्हटलं तरी अपडेटचं थोडं काम बंद होताना होतं आणि थोडं पुढच्या स्टार्टला. मधे काही अडलं, की ना धड जुनं ना धड नवं अशी अवस्था होते. त्यासाठी डिझम नावाचं साधन आहे. त्यातल्या 'रिव्हर्ट पेंडिंग ॲक्शन्स' या पर्यायानं अर्धवट राहिलेली कामं उलटवता येतात. ते चालवून मशीन पुन्हा सुरू करायचं आणि पहिल्या स्टार्टला भरपूर वेळ द्यायचा. अर्ध्या तासात घाबरून बटण दाबू नका. माझ्या अनुभवात या संदेशावर मोडच्या खालोखाल हाच उपाय लागू पडतो.

पूर्ण आज्ञा मी मुद्दाम लिहून देत नाही, कारण ती डोळे मिटून टाइप केली जाते आणि ड्राइव्हची अक्षरं प्रत्येक मशीनवर वेगळी असतात. रिकव्हरीत तुमचं विंडोज सी वर असेलच असं नाही. डी वर गेलेलं असतं आणि सी वर भलताच छोटा विभाग बसलेला असतो. आधी नोटपॅडच्या त्याच खिडकीत बघा, विंडोज आणि यूजर्स हे दोन्ही फोल्डर कुठल्या अक्षराखाली आहेत. तेच अक्षर आज्ञेत गेलं पाहिजे. चुकीच्या अक्षरावर चालवलेल्या आज्ञेनं काही सापडलं नाही म्हटलं, की माणूस उगाच हताश होतो.

यानंतर सिस्टम रिस्टोअर, म्हणजे विंडोजला आधी जपून ठेवलेल्या अवस्थेत (रिस्टोअर पॉइंटवर) परत नेणं. रिस्टोअर पॉइंट असेल तर छान, बऱ्याच मशीनांत ते बंदच असतं. त्यानंतर एसएफसीची (विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासणाऱ्या साधनाची) ऑफलाइन तपासणी. स्टार्टअप रिपेअर पुन्हा चालवू नका, पण त्यानं मागे ठेवलेली नोंद जरूर वाचा. विंडोजच्या सिस्टम३२मध्ये लॉगफाइल्स, त्यात एसआरटी फोल्डर, त्यात एसआरटी-ट्रेल ही साधी टेक्स्ट फाइल. तीही नोटपॅडमध्येच उघडते. शेवटच्या ओळींत 'रूट कॉज फाउंड' असं काही आणि खाली एखाद्या फाइलचं नाव असेल तर तो गुन्हेगाराचा पत्ता. नुकत्याच अपडेट झालेल्या बूट फाइलचा बिघाड असेल तर तसंही त्यात लिहिलेलं असतं. 'दुरुस्त करता आलं नाही' म्हणून पडदा बंद करणाऱ्या कुणालाच ही फाइल माहीत नसते.

आता अपडेटच्या बाजूनं दोन शब्द. अपडेटनं वाट लावली असं सगळेच म्हणतात, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कित्येकदा कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर रोजचं 'शट डाउन' हे पुरतं बंद होणं नसतंच. कर्नेलची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच उचलली जाते. झाकण मिटून झोपवणारे तर तेवढंही करत नाहीत. त्यामुळे महिन्यापूर्वी बसवलेला एखादा ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरसचा तुकडा मोडका असला तरी खपून जातो. अपडेट मशीनला पूर्ण रीस्टार्ट करायला लावतं, आणि मग जुनं पाप वर येतं. शिवाय अपडेट म्हणजे भरपूर लिहिणं. जी डिस्क नुसत्या वाचण्यावर कशीबशी तग धरून होती, ती लिहिताना मान टाकते.

म्हणूनच फायली कॉपी होताना बारीक लक्ष ठेवा. ठरावीक फोल्डरवर प्रचंड वेळ लागतोय, 'वाचता येत नाही' असं येतंय, फिरती हार्ड डिस्क असेल तर आतून टकटक ऐकू येतेय, तर पुढची सगळी दुरुस्ती थांबवा. अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. ते फायलींची रचना सुसंगत करायच्या नादात फाटके तुकडे कापून टाकतं, आणि आजारी डिस्कला तासन्‌तास धावायला लावतं ते वेगळंच. आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर, मग जे काही करायचं ते प्रतीवर. स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीची) आकडेवारी बघता आली तर हार्ड डिस्कवर 'रीअलोकेटेड' (खराब म्हणून बदललेले) आणि 'पेंडिंग' (संशयित) सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे कप्पे, बघा. पेंडिंगचा आकडा रोज वाढतोय, तर ती डिस्क निरोप घेतेय.

दोष नेहमी मायक्रोसॉफ्टच्याच अपडेटचा असतो असंही नाही. १९ जुलै २०२४ला जगभर विमानतळांपासून बँकांपर्यंत मशीनं एकदम निळी पडली, तेव्हा लोक विंडोजला शिव्या देत होते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख मशीनं होती ती. अपडेट होतं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं. उपाय होता सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीत जाऊन एका फोल्डरमधली एक सदोष फाइल काढून टाकणं. काम दोन मिनिटांचं, पण ते एकेका मशीनपुढे बसून करायचं, आणि बिटलॉकर असेल तिथे प्रत्येकाची किल्ली शोधत. तुमच्याकडे अपडेटच्या आसपास एखादं अँटिव्हायरस, व्हीपीएन किंवा डिस्कचं 'ऑप्टिमायझर' बसवलं असेल तर आठवून बघा. या मंडळींचे ड्रायव्हर कर्नेलच्या शेजारीच बसतात.

लिनक्ससोबत दुहेरी बूट असलेल्यांसाठी थोडक्यात. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर काहींचं लिनक्स 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' म्हणून अडलं होतं. ते प्रकरण सिक्युअर बूटच्या यादीचं होतं, डिस्कचं नव्हे. आणि लिनक्सच्या स्वतःच्या अपडेटनंतर कर्नेल पॅनिक झालं (सुरू होतानाच कर्नेल कोसळला) तर ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला काय उठवायचं ते विचारणाऱ्या, मेन्यूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली जुना कर्नेल असतो. तो निवडून आत शिरा आणि बूटचा विभाग भरलाय का ते आधी बघा. नव्या कर्नेलच्या फायली अर्धवट लिहिल्या जाण्याचं ते अगदी ठरलेलं कारण.

तुमच्याकडे परत येतो. वरचं सगळं करूनही विंडोज उठलं नाही, तर नव्यानं बसवायला माझी हरकत नाही, पण फायली बाहेर आल्यानंतर. 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'कीप माय फाइल्स' असतं, त्यात फोटो-कागदपत्रं राहतात, बसवलेले प्रोग्रॅम जातात. मी त्यावर विसंबून राहत नाही, कारण ते मधेच अडखळलं तर दोन्हीकडून गेलो. शक्य असेल तर नवी एसएसडी घेऊन तिच्यावर विंडोज बसवावं आणि जुनी डिस्क महिनाभर तशीच कपाटात ठेवावी. काहीतरी राहून गेलंय हे नेहमी आठवड्याभरानं आठवतं. आणि इन्स्टॉल करताना 'ड्राइव्ह सापडत नाही' आलं तर माझी वरची फजिती आठवा: डिस्क नव्हे, स्टोरेजचा ड्रायव्हर गायब असतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तो यूएसबीवर घेऊन 'लोड ड्रायव्हर'नं द्यायचा.

विंडोज उठलं तर लगेच अपडेट्स एक-दोन आठवड्यांसाठी पॉज करा, नाहीतर तेच अपडेट रात्री पुन्हा येऊन बसेल. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलरच्या ड्रायव्हरची तारीख बघा. काल-परवाची असेल तर 'रोल बॅक' करा.

पुन्हा लिहाल तेव्हा एवढं कळवा: लॅपटॉपचं मॉडेल, बायोसच्या आवृत्तीची तारीख, स्टोरेजचा मोड डिफॉल्टवर नेण्याआधी काय होता (आठवत असेल तर) आणि आता काय आहे, रिकव्हरीत विंडोजचा फोल्डर कुठल्या अक्षराखाली दिसला, आणि एसआरटी-ट्रेलच्या शेवटच्या दहा ओळींचा फोटो. अक्षर कळलं की डिझमची नेमकी आज्ञा लिहून देतो. तोवर लॅपटॉप बंद ठेवा आणि मित्राला हात लावू देऊ नका.